‘बर्ड’ : पडद्यावर न आलेला रियाज

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या आयुष्यावर क्लिंट ईस्टवुड यांनी १९८८ साली ‘बर्ड’ हा चित्रपट काढला. गेल्या अंकात या सदरात त्याविषयी थोडेसे लिहिले होते आणि त्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली. पार्करला त्याचे सोबती ‘यार्डबर्ड’ आणि पुढे नुसतेच ‘बर्ड’ म्हणत, त्यावरून चित्रपटाचे नाव आले आहे. पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पार्करचा उल्लेख मी एकेरी केला आहे, तो आपण कुमार किंवा भीमसेन म्हणतो त्याच जवळिकीने, हे वाचकांनी कृपया समजून घ्यावे.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक भगिनी) : आम्ही घरातील सर्वांनी बसून ‘बर्ड’ पाहिला. पावणेतीन तासांत हेरॉइन, दारू, इस्पितळ, लहान मुलीचा मृत्यू आणि शेवटी त्याचा स्वतःचा मृत्यू, एवढेच लक्षात राहिले. माझा मुलगा सतार शिकतो. तो म्हणाला, ‘‘इतकं सोसल्याशिवाय असं वाजवताच येत नसेल.’’ त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही. आपण काय सांगाल?

उत्तर : आपल्या मुलाला सर्वांत आधी पार्करचेच म्हणणे सांगावे. १९४९ साली ‘डाउन बीट’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्पष्टच म्हटले होते की, गांजा ओढून, सुई टोचून घेऊन किंवा दारू पिऊन आपण अधिक चांगले वाजवतो असे सांगणारा वादक सरळसरळ खोटे बोलत असतो. हे बोलणारा माणूस बाहेरून उपदेश करणारा नव्हता. १९३६ साली, सोळाव्या वर्षी, एका कार्यक्रमाला जाताना त्याच्या मोटारीला अपघात झाला, बरगड्या मोडल्या, उपचारात मॉर्फिन मिळाले, आणि तेथून हे व्यसन त्याच्या अंगात रुजत गेले असे त्याचे बहुतेक चरित्रकार सांगतात. पुढची अठरा वर्षे तो त्या विळख्यातून सुटू शकला नाही. त्यामुळे नशेने वादनाला काय मिळते आणि वादनातून काय जाते, याचा हिशेब त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

मग ते वादन आले कोठून, हा मुलाचा खरा प्रश्न आहे आणि त्याचेही उत्तर पार्करनेच दिलेले आहे. १९५४ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, पॉल डेझमंड या दुसऱ्या थोर आल्टो सॅक्सोफोनवादकाने रेडिओवर त्याच्याशी गप्पा मारल्या. डेझमंडने त्याच्या हातातील विलक्षण तयारीविषयी विचारले, तेव्हा पार्करने अगदी साधेपणाने सांगितले की, तीन-चार वर्षे आपण रोज किमान ११ ते १५ तास वाजवत होतो, आणि शेजारी इतके वैतागले होते की त्यांनी आईला घर सोडायला सांगण्याची धमकी दिली होती. आपल्याकडच्या कोणत्याही वाड्यात किंवा चाळीत शोभावा असा हा प्रसंग आहे. सतार शिकणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

चित्रपटात नेमके हेच नाही, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. त्यात एक दृश्य पुन्हा पुन्हा येते. कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये जुन्याजाणत्या वादकांसोबत वाजवायला उभा राहिलेला कोवळा पार्कर मध्येच अडखळतो, आणि ड्रमवर बसलेला जो जोन्स आपल्या साजातील पितळी सिंबल काढून त्याच्या दिशेने फेकतो. ते सिंबल हवेत संथपणे गरगरत येते, जमिनीवर आदळते आणि सगळा क्लब हसतो. प्रसंग खरा आहे, १९३६ सालचा आहे, आणि पार्करच्या मनात तो कायमचा रुतून बसला असेल यातही शंका नाही. परंतु त्या आवाजानंतर त्या मुलाने काय केले, हे चित्रपट सांगत नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात तो जॉर्ज ली यांच्या वाद्यवृंदाबरोबर मिसूरीतील ओझार्क डोंगराच्या भागात गेला. सोबत काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या नेल्या होत्या. त्यांत बेसी यांचा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याने वाजवलेले तुकडे त्याने पुन्हा पुन्हा सुई ठेवून ऐकले आणि एकूण एक मुखोद्गत केले. उन्हाळा संपवून परतलेला मुलगा ऐकून त्याला हसणारेच चकित झाले. पडद्यावर आपण सिंबल पडताना पाहतो आणि लगेच तयार झालेला पार्कर पाहतो. मधला उन्हाळा आणि मधली तीन-चार वर्षे गळून गेली आहेत, आणि त्या रिकाम्या जागी प्रेक्षक आपोआप दुःख आणि व्यसन भरतो. आपल्या मुलाने नेमके तेच केले. त्यात त्याचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट त्याला अवश्य सांगावी. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स तरुणपणी हेरॉइनच्या आहारी गेला होता. त्याच्या पिढीतील कितीतरी वादक ‘बर्ड घेतो, मग आपणही घ्यावे’ या समजुतीने त्या वाटेला गेले. १९५३ साली एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी रोलिन्सने आपण व्यसन सोडले आहे असे पार्करला सांगितले आणि नंतर ते खोटे असल्याचे पार्करला कळले. आपले पाहून ही मुले बिघडत आहेत याचे पार्करला झालेले दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसले, आणि तेच रोलिन्सच्या मनाला लागले. १९५५ साली रोलिन्स केंटकीतील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि त्यातून कायमचा बाहेर आला. बरे होऊन बर्डला भेटायचे, त्याला दाखवायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण तो तेथे असतानाच पार्कर वारला. त्यानंतर रोलिन्सने अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाजवले.

प्रश्न (नागपूरहून एक संगीतशिक्षक) : आपल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी गाणी नव्याने गायिली. ‘बर्ड’मध्ये मात्र पार्करचा स्वतःचा सॅक्सोफोन ऐकू येतो असे म्हणतात. १९४०च्या दशकातील तबकड्यांचा आवाज इतका स्वच्छ कसा?

उत्तर : सॅक्सोफोन बहुतांशी पार्करचाच आहे, आणि ज्या रीतीने तो मिळवला ती रीत त्या काळात अपूर्व होती. चित्रपटाचे संगीत लेनी नीहाउस यांनी सांभाळले. ते स्वतः आल्टो सॅक्सोफोनवादक होते, आणि ईस्टवुड यांची व त्यांची ओळख सैन्यातील नोकरीपासूनची होती. जुन्या ध्वनिमुद्रणांत सगळी वाद्ये एकाच पट्ट्यावर एकत्र मिसळलेली असत. शिवाय पार्करची पत्नी चॅन हिने जपून ठेवलेली काही खासगी ध्वनिमुद्रणेही हाती आली होती. नीहाउस आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी इलेक्ट्रॉनिक गाळण्या वापरून त्यांतील पियानो, बास आणि ड्रम शक्य तितके मागे सारले आणि पार्करचा सॅक्सोफोन मोकळा केला. मग तो कानात ऐकत १९८०च्या दशकातील उत्तम वादकांनी नव्याने साथ केली. बासवर रे ब्राउन आणि रॉन कार्टर होते, ट्रम्पेटवर जॉन फॅडिस होता. रे ब्राउन तर तरुणपणी प्रत्यक्ष पार्करच्या सोबत वाजवलेला माणूस! पार्करच्या चमूतील ट्रम्पेटवादक रेड रॉडनी हे चित्रपटातील एक पात्र आहे. पडद्यावर मायकल झेलनिकर ती भूमिका करतो, पण ट्रम्पेट ऐकू येतो तो साठीला आलेल्या खऱ्या रेड रॉडनीचा. जेथे पार्करचे मूळ वादन वापरता येण्याजोगे नव्हते, तेथे चार्ल्स मॅकफर्सन या वादकाने आल्टो वाजवला आहे. या कामगिरीला उत्कृष्ट ध्वनीसाठीचे ऑस्कर मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्यच होते.

तरीही माझ्या मनात एक खंत आहे आणि आपण संगीतशिक्षक असल्याने ती आपल्याला नेमकी समजेल. समजा, एखाद्या जुन्या मैफलीच्या ध्वनिफितीतून भीमसेनजींचा आवाज वेगळा काढला आणि त्याखाली आजच्या एखाद्या तयारीच्या तबलजीचा ठेका घातला. ठेका बिनचूक पडेल, नादही अधिक गोड लागेल. पण एखादी तान घेता घेता गायकाने तबलजीकडे पाहिले, तबलजीने तिहाईची चाहूल दिली आणि ती ओळखून गायकाने सम थोडी लांबवून खेळवली, हे त्यात असणार नाही. कारण गायकाला हा तबलजी कधी ऐकूच आलेला नाही. जॅझमध्ये हे देणे-घेणे क्षणोक्षणी चालते. पार्करच्या मूळ ध्वनिमुद्रणांत मॅक्स रोचचे ड्रम त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देतात, आणि त्या उत्तरातून पार्करचे पुढचे वाक्य निघते. चित्रपटातील नवा ड्रमवादक पार्करला उत्तर देतो, पण पार्कर त्याला प्रत्युत्तर देऊ शकत नाही. म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की चित्रपट पाहावा आणि नंतर त्याच रचना मूळ खरखरीसह ऐकाव्यात.

‘बालगंधर्व’शी तुलना आपण काढली, ती योग्यच आहे. आनंद भाटे यांनी त्या गायकीची अनुकरणापलीकडची आठवण जागवली, आणि ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गाणेही गायिले. त्या वाटेत गायक आणि साथीदार एकाच क्षणात एकमेकांना ऐकत असतात. ईस्टवुड यांना मात्र पार्करचा सूर दुसऱ्या कोणाकडून घ्यायचा नव्हता. ते लहानपणी, १९४६ च्या सुमारास, ओकलंडमध्ये पार्करला प्रत्यक्ष ऐकून आले होते आणि तो सूर आयुष्यभर त्यांच्या कानात राहिला होता. त्यांच्या निर्णयामागचे प्रेम मला पूर्ण मान्य आहे.

प्रश्न (पुण्याहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी) : चित्रपटात आठवणीत आठवण सुरू होते आणि काळाचा काहीच पत्ता लागत नाही. घटनांचा क्रम सांगाल का?

उत्तर : १९२० साली कॅन्सस सिटीत जन्म. १९३६ मध्ये रेनो क्लबचा प्रसंग. १९३९ च्या सुमारास न्यूयॉर्क. १९४५ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या साथीने बीबॉप या नव्या शैलीची पहिली मोठी ध्वनिमुद्रणे. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसला प्रयाण आणि १९४६ च्या जुलैत तेथे पूर्ण कोसळणे. त्यानंतर कॅमरिलो येथील सरकारी मनोरुग्णालयात सहा महिने. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला परत. १९४९ च्या डिसेंबरात त्याच्या नावावरून ‘बर्डलँड’ क्लब सुरू झाला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा परवाना काढून घेण्यात आला. १९५४ मध्ये चॅनपासून झालेली लहान मुलगी प्री हिचा मृत्यू, त्याच वर्षी आयोडिन पिऊन आत्महत्येचा प्रयत्न, आणि १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या स्टॅनहोप हॉटेलात, जॅझवादकांची आश्रयदाती बॅरनेस निका हिच्या खोलीत दूरचित्रवाणी पाहत असताना मृत्यू. शव तपासणाऱ्याने वय पन्नाशीच्या पुढचे धरले होते, पण तो अवघ्या चौतीस वर्षांचा होता. चित्रपट आयोडिनच्या त्या रात्रीपासून सुरू होतो आणि तेथून मागे-पुढे जात राहतो. हा क्रम एका कागदावर लिहून जवळ ठेवला तर दुसऱ्यांदा पाहताना अडचण येणार नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : रेनो क्लबमध्ये हसणारा आणि पुढे रॉक अँड रोल वाजवून गाजणारा बस्टर फ्रँकलिन हा सॅक्सोफोनवादक खरा होता का? आणि पार्करची आई कोठेच कशी दिसत नाही?

उत्तर : बस्टर फ्रँकलिन काल्पनिक आहे. पार्करचे नवे वादन ऐकून तो आपला सॅक्सोफोन नदीत फेकून देतो आणि पुढे सोप्या, टाळ्याखाऊ संगीतात नाव कमावतो. बदलत्या काळाचे चित्र दाखवण्यासाठी पटकथाकार जोएल ओलियान्स्की यांनी त्याला निर्माण केले आहे.

आईविषयीचा आपला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पटकथेला चॅनने लिहिलेल्या आठवणींचा आधार आहे आणि तिचा सल्लाही घेतला होता, त्यामुळे चित्रपटातील पार्कर हा मुख्यतः चॅनने पाहिलेला पार्कर आहे. डायान व्हेनोराने चॅनची भूमिका इतक्या ताकदीने केली आहे की तिच्या नजरेवर विश्वास बसतोच. पण चॅन त्याच्या आयुष्यात मागाहून आली. आई ॲडी हिने साफसफाईची कामे करून एकटीने त्याला वाढवले, पहिला सॅक्सोफोन तिनेच घेऊन दिला, आणि शेजाऱ्यांची बोलणीही तिनेच खाल्ली. पहिली पत्नी रिबेका, मुलगा लिऑन, दुसरी पत्नी, त्यानंतरची डोरिस, कॅन्सस सिटीतील कृष्णवर्णीय वस्ती, तेथील चर्च, तेथे रात्रभर चालणारे क्लब, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील ‘मिन्टन्स’ या क्लबात या संगीताची झालेली जडणघडण, हे सारे चित्रपटात जवळजवळ नाही. परिणाम असा होतो की पार्कर आपल्याला एकटा, मुळे नसलेला आणि गोऱ्या मित्रमैत्रिणींच्या आधाराने जगणारा माणूस वाटू लागतो. प्रत्यक्षात तो एका फार समृद्ध परंपरेच्या मांडीवर वाढला होता. कृष्णवर्णीय समीक्षकांनी आणि कलावंतांनी चित्रपटावर याबद्दल टीका केली, ती मला रास्त वाटते.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक भगिनी) : गेल्या अंकात आपण बहुतेक उणिवाच सांगितल्या. मग हा चित्रपट पाहावा असा आग्रह का धरता?

उत्तर : कारण त्यातील काही दृश्ये मला आयुष्यभर पुरली आहेत. रेड रॉडनी पार्करला एका ज्यू लग्नात वाजवायला घेऊन जातो. काळी टोपी, दाढीवाले वडीलधारे, फेर धरून नाचणारी मंडळी, आणि त्यांच्यात हा कृष्णवर्णीय वादक, ज्याला त्या चाली आधी माहीतही नाहीत. तो क्षणभर कान देतो आणि मग असा काही मिसळून जातो की लग्नघरातील माणसे त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागतात. आपल्याकडे परगावचा सनईवाला लग्नात आला, पहिल्याच फटक्यात घरच्यांना आवडणारी चाल त्याने ओळखून वाजवली, तर मंडपात जे होते, ते त्या दृश्यात होते. या चित्रपटात कान, बुद्धी आणि आनंद या तिन्ही गोष्टी पार्करच्या चेहऱ्यावर एकत्र दिसतात असे क्षण थोडेच आहेत, आणि त्यांत हा सर्वांत उजवा आहे.

दुसरे दृश्य मुलीच्या मृत्यूचे. पार्कर तेव्हा कॅलिफोर्नियात असतो. मध्यरात्री तो चॅनला तार करतो, मग दुसरी, मग तिसरी. दर तारेत शब्द थोडे बदलतात, स्वर अधिक औपचारिक होत जातो, आणि मजकूर सांगणाऱ्या त्या जड आवाजातून हा माणूस आतून कसा तुटतो आहे ते कळते. तारा प्रत्यक्षात खरोखरच गेल्या होत्या. पार्करची भूमिका करणारा फॉरेस्ट व्हिटेकर येथे रडत नाही, ओरडत नाही. त्याला फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो याच संयमासाठी असावा असे मला नेहमी वाटते. सॅक्सोफोन वाजवताना त्याची बोटे पाहावीत. नीहाउस यांनी त्याला बोटे शिकवली होती. वादकाची भूमिका करणारे नट बहुधा चेहऱ्याने वाजवतात, व्हिटेकर मात्र श्वासाने वाजवतो.

तिसरे दृश्य डिझी गिलेस्पीबरोबरच्या बोलण्याचे. डिझी वेळेवर येतो, पैशाचा हिशेब ठेवतो, वाद्यवृंद चालवतो. तो पार्करला सांगतो की, काळा माणूस बेभरवशाचा असतो असे ज्यांना वाटते, त्यांना खरे ठरवायचे नाही म्हणून मी असा वागतो. मी सुधारक आहे आणि तुला हुतात्मा व्हायचे आहे, लोक हुतात्म्यांनाच जास्त काळ लक्षात ठेवतात. डिझीचे हे बोल ऐकताना मला हा चित्रपट स्वतःशीच वाद घालतो आहे असे वाटते. डिझी गिलेस्पी १९९३ पर्यंत जगला, अखेरच्या काळापर्यंत वाजवत राहिला, तितक्याच प्रतिभेचा होता, आणि त्याच्यावर असा मोठा चित्रपट कोणी काढला नाही.

प्रश्न (मडगावहून एक वाचक) : मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या स्टुडिओंत जॅझ वाजवणाऱ्या आमच्या गोव्याच्या वादकांवर असा चित्रपट का होत नाही?

उत्तर : कोंकणीत झाला आहे, आणि आपण पाहिला नसेल तर जरूर पाहावा. बार्द्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचोंया कुंपासार’ या चित्रपटाला उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ख्रिस पेरी यांची गाणी आणि लॉर्ना यांचा आवाज यांनी गाजवलेल्या काळाला तो वाहिलेला आहे. वादक आणि त्याने घडवलेली गायिका यांच्या नात्याभोवती तो फिरतो, आणि जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यात गुंफलेली आहेत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा कितीतरी गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भाषा दिली. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या सॅक्सोफोनवादकाने बीबॉप आत्मसात करून पुढे रागांशी त्याचा मेळ घालून पाहिला. त्यांच्यावर पुढे कोणी चित्रपट काढलाच, तर गोव्यातील चर्चच्या शाळेत, सोलफा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, गिरवत, नोटेशन वाचायला शिकलेली ती लहान मुले त्यात आधी दिसावीत आणि क्लबमधील दिवे नंतर, एवढी माझी इच्छा आहे.

प्रश्न (अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथून एक मराठी वाचक) : नोकरीनिमित्त मी याच शहरात राहतो. पार्करच्या काही खुणा येथे उरल्या आहेत का?

उत्तर : आपण भाग्यवान आहात. अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता जेथे मिळतात त्या जुन्या वस्तीत अमेरिकन जॅझ म्युझियम आहे. तेथे पांढऱ्या प्लास्टिकचा, ग्राफ्टन बनावटीचा आल्टो सॅक्सोफोन पाहायला मिळतो. हेच वाद्य पार्करने १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये डिझी, मॅक्स रोच, बड पॉवेल आणि चार्ल्स मिंगस यांच्यासोबतच्या मैफलीत वाजवले होते. प्लास्टिकच्या वाद्यातून असा सूर काढता येतो, यावरून सूर कोठे असतो ते उमगते. जवळच त्याच्या मस्तकाचे भव्य कांस्य शिल्प आहे. शहराबाहेरच्या लिंकन दफनभूमीत आईशेजारी त्याची कबर आहे. कबरीच्या दगडावर कोरलेला सॅक्सोफोन मात्र टेनर, म्हणजे आल्टोहून मोठा आणि खालच्या सुराचा, आहे, आणि पार्करची ओळख आयुष्यभर आल्टोची. ते पाहून वाईट वाटेल, तरीही जाऊन यावे.

प्रश्न (कोल्हापूरहून ख्याल गाणारी एक विद्यार्थिनी) : चित्रपट पाहून पार्कर ऐकायला घेतला, पण फार वेगवान वाटतो आणि काहीच हाती लागत नाही. सुरुवात कोठून करू?

उत्तर : विलंबिताने करावी. १९४८ सालची ‘पार्कर्स मूड’ ही रचना तीन मिनिटांची आहे. ब्लूज या जुन्या साच्यातील ही संथ रचना आहे. ती तीन-चार दिवस रोज ऐकावी आणि सोबत गुणगुणून पाहावी. स्वर कोठे खाली झुकवला, कोठे वाक्य अर्धेच ठेवून श्वास घेतला, ते आपल्या कानाला आपोआप कळेल.

त्यानंतर ‘को-को’ ऐकावी. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती मुद्रित झाली. त्याआधी १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातलेला होता, त्यामुळे बीबॉप घडत असतानाची सुरुवातीची वर्षे तबकड्यांवर फारशी आलीच नाहीत, आणि ‘को-को’ जेव्हा बाजारात आली तेव्हा बाहेरच्या श्रोत्यांना हे संगीत जणू आकाशातून पडल्यासारखे वाटले. तिच्याखाली ‘चेरोकी’ नावाच्या लोकप्रिय गाण्याची स्वरसंगतींची चौकट आहे. गाण्याची चाल पार्करने टाकून दिली आणि चौकट तेवढी ठेवून तिच्यावर स्वतःचे विणकाम केले. पहिला, अर्धवट सुटलेला प्रयत्नही उपलब्ध आहे. त्यात वादक प्रास्ताविक संपवून मूळ ‘चेरोकी’ची चाल वाजवू लागतात आणि मध्येच थांबवले जातात. तो तुकडा आधी ऐकला की चौकट कानात बसते, मग पूर्ण ‘को-को’ इतकी परकी राहत नाही. वेगाला घाबरू नये. द्रुत लयीतील तान आपण प्रत्येक स्वर मोजून ऐकत नाही, तिचा आकार ऐकतो. येथेही तसेच करावे.

शेवटी दोन रचना एकापाठोपाठ ऐकाव्यात. पहिली ‘लव्हर मॅन’, २९ जुलै १९४६ ची, लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेली. हेरॉइन मिळत नव्हते म्हणून पार्कर भरपूर दारू पिऊन आला होता, त्यावर डॉक्टरने गोळ्या दिल्या, आणि त्याला माइकसमोर धरून उभे करावे लागले. पियानोचे प्रास्ताविक संपते आणि सॅक्सोफोन येतच नाही. काही मात्रा रिकाम्या जातात, मग तो चाचपडत आत येतो. त्याच रात्री हॉटेलात त्याच्या खोलीला आग लागली आणि त्याला अटक होऊन पुढे कॅमरिलोला पाठवण्यात आले. ही तबकडी बाजारात आणल्याबद्दल पार्कर फार संतापला होता. अनेकांना ती त्याची सर्वांत हृदयस्पर्शी रचना वाटते. मला ती ऐकवत नाही. त्यात आजारी माणूस ऐकू येतो.

दुसरी ‘रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो’, २६ फेब्रुवारी १९४७ ची. तो रुग्णालयातून नुकताच बाहेर आलेला होता, सहा महिने वेळेवर जेवला-झोपलेला होता आणि हेरॉइनपासून दूर होता. ही चाल इतकी वळणावळणाची आहे की साथीच्या मुरलेल्या वादकांनाही ती बसवायला बराच वेळ लागला. पार्कर मात्र तिच्यावरून उड्या मारत जातो. सूर भरलेला आहे, श्वास लांब आहे, एकही वाक्य चाचपडत नाही. दोन्ही मुद्रणांत अवघ्या सात महिन्यांचे अंतर आहे. शक्य झाल्यास या दोन तबकड्यांची नावे सांगलीच्या त्या सतार शिकणाऱ्या मुलापर्यंतही पोहोचवीन म्हणतो. त्याने दोन्ही ऐकाव्यात आणि कोणत्या दिवशी बर्ड अधिक चांगला वाजवत होता, ते आईला सांगावे.